कोर्टाची पायरी चढणाऱ्या वेड्यांची स्तुती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. म्हणजे जो चढतो तो वेडा. हा हिशेब मला मान्य आहे, आणि अशाच वेड्यांची मी मनापासून स्तुती करणार आहे. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, हैदराबादेत हे वेड लागलेली बरीच माणसे होती. त्यांना यातून पैसा मिळणार नव्हता, पद मिळणार नव्हते, आणि घरातले माणूस गेले असेल तर ते परत येणार नव्हते. तरी ती विचारत राहिली. चाचण्या किती केल्या? माणसे किती गेली? खाट कोणत्या दवाखान्यात रिकामी आहे? रुग्णवाहिका कोणाच्या हुकमाने अडवली?

नयापुलावर उभे राहिले की मुसी नदीच्या एका काठाला उस्मानिया दवाखाना दिसतो आणि दुसऱ्या काठाला उच्च न्यायालय. दोन्ही इमारती सातव्या निजामाच्या काळातल्या. जुलै २०२०मध्ये उस्मानियाच्या वॉर्डांत पावसाचे आणि गटाराचे पाणी शिरले, तेव्हा खाटांवर रुग्ण होते आणि खाटांखालून पाणी वाहत होते. त्याच दिवसांत समोरच्या न्यायालयाचे दालन रिकामे होते, कारण सुनावण्या व्हिडिओवर चालल्या होत्या. वकील घरून बोलत, अधिकारी सचिवालयातून. पायरी चढणे म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर आपली पाळी येण्याची वाट पाहणे. त्या पडद्यावर जे काही वदवून घेतले गेले, तेच आज तेलंगणातल्या साथीचे सर्वांत भरवशाचे दप्तर आहे.

मृतदेहांच्या चाचणीचेच घ्या. दवाखान्यात मरण पावलेल्यांचे नमुने घेऊ नयेत, अशी सूचना राज्याच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२०मध्ये काढली. याला शहाणपणाची बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. किट कमी होते, कर्मचारी थकले होते, शवागारात संसर्गाची धास्ती होती. गेलेल्या माणसाला उपचार करायचे नसतात, मग किट जिवंत माणसासाठी राखावे, हे कोणालाही पटावे. वेड्यांना पटले नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की गेलेला माणूस काल जिवंत होता. त्याच्या उशाशी कोणी बसले होते, त्याला पाणी कोणी पाजले होते, त्याचे कपडे कोणी धुतले होते. तो कशाने गेला हे कळले नाही, तर त्या घरात उद्या कोणाला जपायचे हे कसे कळणार? मुख्य न्यायमूर्ती राघवेंद्र सिंह चौहान आणि न्यायमूर्ती बी. विजयसेन रेड्डी यांच्या खंडपीठाला हे पटले. मे महिन्यात त्यांनी मृतदेहांची चाचणी करण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जूनमध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

म्हणजे वेडे हरले. पण त्या हरण्यातून कागदावर एक गोष्ट कायमची उमटली: अमुक काळात, अमुक राज्यात, दवाखान्यातल्या मृतांची चाचणी करायची नाही असे ठरले होते. त्या दिवसांतले मृत्यूंचे आकडे वाचणाऱ्याने हे वाक्य शेजारी ठेवूनच ते वाचायला हवेत. याचिका झाली नसती तर ती सूचना एखाद्या कपाटात पडून राहिली असती.

मग जून आला. हैदराबाद आणि आसपासच्या ३० विधानसभा मतदारसंघांत ५० हजार चाचण्या करण्याची घोषणा झाली. महिना संपायच्या आत प्रयोगशाळांत नमुन्यांचा ढीग साचला आणि नवे नमुने घेणे काही दिवस थांबवावे लागले. साथ चढत होती आणि चाचणी बंद होती. पुन्हा याचिका, पुन्हा तोच प्रश्न: का थांबवल्या, कोणी थांबवल्या, शेजारच्या आंध्रात जास्त का होतात? जुलैअखेर राज्याच्या मुख्य सचिवांना खंडपीठापुढे उत्तर द्यावे लागले. त्याच सुमारास रोजचे वैद्यकीय बुलेटिन बदलले. आधी मोजक्या आकड्यांवर भागत असे. आता कोणत्या दवाखान्यात किती खाटा, त्यातल्या भरलेल्या किती, ऑक्सिजनच्या किती, अतिदक्षता विभागातल्या किती, हे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही याद्यांसकट छापून येऊ लागले. बापाला रिक्षात घालून निघालेल्या मुलाच्या हातात ती यादी असणे आणि नसणे यातला फरक सांगायला नको. यादी दर वेळी खरी असायचीच असे नाही. तिथे पोचल्यावर ‘खाट नाही’ ऐकलेले पुष्कळ आहेत. तरी यादी होती म्हणून ‘तुम्ही तर चार रिकाम्या दाखवल्यात’ असे म्हणता येत होते. तेवढा जाब विचारायची सोय कोणीतरी भांडून करून दिली होती.

या मंडळींत उस्मानिया विद्यापीठात पत्रकारिता शिकवलेले प्रा. पी. एल. विश्वेश्वर राव यांच्यासारखे निवृत्त प्राध्यापक होते, वकील होते, कार्यकर्ते होते. आणि एक बाई होती. तिचे नाव मी लिहीत नाही. दवाखान्यात नेलेला तिचा नवरा परत आला नाही. तो गेला आणि त्याचे अंत्यसंस्कारही उरकले, असे तिला नंतर सांगण्यात आले; तिने त्याला पाहिलेच नव्हते. तिने उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली. हा अर्ज एरवी पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसासाठी करतात: माणूस हजर करा. तिने तो दवाखान्यात दाखल केलेल्या माणसासाठी केला. शहाण्या माणसाने तिला समजावले असते की बाई, आता काय हजर करणार. माझ्या मते त्या वर्षात सरकारला विचारलेला सर्वांत नेमका प्रश्न तिचा होता. माझा माणूस तुमच्या ताब्यात दिला होता, त्याचे काय झाले ते मला पुराव्यासकट सांगा. सार्वजनिक आरोग्यसेवेचे उत्तरदायित्व म्हणतात ते याहून वेगळे काही नसते.

दुसऱ्या लाटेत न्यायालयाच्या धोशाची गरज आणखी वाढली. मुख्य न्यायमूर्ती हिमा कोहली यांच्या खंडपीठाने १९ एप्रिल २०२१ला सरकारला ४८ तासांत निर्बंधांचा निर्णय घ्यायला सांगितले; दुसऱ्याच दिवशी रात्रीची संचारबंदी लागू झाली. त्याच महिन्याच्या शेवटी वरंगळ आणि खम्ममच्या महापालिका निवडणुका मात्र झाल्याच. मे महिन्यात राज्याच्या सीमेवर बाहेरून येणाऱ्या रुग्णवाहिका अडवल्या गेल्या. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि आजही तिकडे दुखणे हाताबाहेर गेले की घरात पहिला शब्द ‘हैदराबादला नेऊ’ हाच निघतो. आधी इथल्या दवाखान्यात खाट ठरल्याची परवानगी काढा, मग सीमा ओलांडा, असे परिपत्रक निघाले. धाप लागलेल्या माणसाने नाक्यावर थांबून परवानगीची वाट पाहायची. १४ मे रोजी उच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. त्या रात्रीपासून ज्या गाड्या आत आल्या, त्यांतल्या एकाही रुग्णाला आपल्यासाठी कोण भांडले हे ठाऊक नसेल.

पुढे वेड पसरून सामान्य घरांपर्यंत गेले. कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये देण्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ठरले, आणि तेलंगणात त्याचे अर्ज मीसेवा या सरकारी सेवा केंद्रांवर भरायचे होते. प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआरचा अहवाल, दवाखान्याची बिले, आधार, बँकेचे पासबुक, आणि सगळ्याच्या झेरॉक्स. दाखल्यावर मृत्यूचे कारण ‘हृदयक्रिया बंद पडून’ असेल तर जिल्ह्याच्या समितीकडून तो मृत्यू कोविडचाच असल्याचे ठरवून घ्यायचे. नात्यातले लोक म्हणत, एवढ्याशा पैशांसाठी कशाला खेटे घालता. लोक खेटे घालत राहिले. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे आले. तेलंगणाच्या नोंदीत तोवरचे कोविडमृत्यू ३,९९३. आलेले अर्ज २८,९६९. मंजूर झालेले अर्ज १५,२७०.

हे आकडे सावधपणे वाचायला हवेत. चाचणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू भरपाईसाठी धरायचा होता, त्यामुळे व्याख्या रुंद होती, आणि अर्जांत चुकाही असणारच. पण सरकारने स्वतः तपासून, स्वतःच्या समितीच्या सहीने मंजूर केलेले अर्ज सरकारच्याच मृत्युसंख्येच्या जवळजवळ चौपट निघाले, हे कोणत्याही व्याख्येने झाकले जात नाही. मे २०२०मध्ये ‘मृतांचीही चाचणी करा’ म्हणणारे काय सांगत होते, ते मीसेवेच्या रांगेने सिद्ध करून दाखवले.

आता प्रश्न उरतो चौकशीचा. ब्रिटनमध्ये बॅरोनेस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली कोविडची सार्वजनिक चौकशी बसली. जुलै २०२४मध्ये तिचा पहिला अहवाल आला, सरकारने सहा महिन्यांत उत्तर द्यावे असे त्यात म्हटले होते, आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारला लेखी उत्तर द्यावे लागले. ती चौकशीही वेड्यांनीच ओढून आणली. थेम्सच्या काठी, संसदेच्या बरोबर समोर, सेंट थॉमस दवाखान्याच्या बाजूच्या भिंतीवर मृतांच्या नातेवाइकांनी माणसागणिक एक लाल बदाम रंगवला. तिथेही नदीच्या एका काठाला दवाखाना आणि दुसऱ्या काठाला जाब द्यायची जागा आहे. आपल्या शेजारी कर्नाटकाने कोविडकाळातल्या खरेदीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जॉन मायकेल डी’कुन्हा यांचा आयोग नेमला. तेलंगणात २०२३ अखेर सत्ता बदलली आणि नव्या सरकारने आधीच्या कारभाराचे आयोग नेमले: कालेश्वरमच्या बंधाऱ्यांसाठी एक, वीजखरेदीसाठी एक. कालेश्वरमच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचा खांब खचला हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. साथीत जे खचले ते घराघरांत विखुरलेले आहे, म्हणून त्यासाठी कोणी आयोग मागितला तर तो वेडा ठरतो.

शिवाय कायदाही शहाण्यांच्या बाजूचा आहे. साथरोगांचा कायदा १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगात घाईने केलेला. सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा चालणार नाही, हे त्याचे चौथे कलम. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये प्लेगच्या झडत्यांतल्या जुलमाबद्दल पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर तक्रार केली आणि पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांसारखा माणूस कागदाअभावी उघडा पडला. तेव्हा दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवणाऱ्याला हसू नये.

हैदराबादला चौकशीचे वावडे नाही, हेही सांगितले पाहिजे. क्लोरोफॉर्मने माणूस कसा दगावतो हे शोधायला याच शहरात १८८८ आणि १८८९मध्ये दोन आयोग बसले, सहाव्या निजामाच्या पैशाने. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी त्यामागे होते. त्यांचा निष्कर्ष होता की आधी श्वास थांबतो, हृदयाला धोका नाही. तो पुढे चुकीचा ठरला; क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडू शकतो हे गुडमन लेव्हीने दाखवले. पण प्रयोग आणि नोंदी जगापुढे छापलेल्या होत्या, म्हणून त्यांच्याशी वाद घालता आला आणि चूक सापडली.

साथीच्या चौकशीतूनही चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. निघोत. नोंदी उघड्या असल्या तर पुढचा कोणी दुरुस्त करील. तेलंगणात असा आयोग नेमला, तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. उच्च न्यायालयात सरकारने दिलेली प्रतिज्ञापत्रे आहेत, बदलण्याआधीची आणि बदलल्यानंतरची बुलेटिने आहेत, मीसेवेवरचा एकेक अर्ज आहे. जानेवारी २०२२मध्ये मंजूर न झालेल्या १३ हजारांहून अधिक अर्जांचे पुढे काय झाले, त्यातले किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, हे आयोगाने पहिल्या सुनावणीत विचारावे. ते कारण प्रत्येक घराला तेलुगू, उर्दू किंवा मराठी, त्यांना वाचता येईल त्या भाषेत, लेखी मिळावे. आणि त्या सुनावणीला साक्षीदार म्हणून आधी त्या वेड्यांना बोलवावे.