काकी मांगरात, काम जोरात

जयगडातल्या घराच्या दुरुस्तीची पहिली कुदळ मुंबईत पडते. रविवार असतो. डोंबिवली, दिवा, विरार इथले सामाईक मालक मटण-भाकरी जेवून आडवे झालेले असतात. अशा वेळी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी केरळातल्या रिसॉर्टचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'आपलं गावचं घर असं केलं तर?' दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागते. त्यातले किती अंगठे वर्गणीपर्यंत पोचतील याचा अचूक अंदाज फक्त काकीला असतो. पण काकी ग्रुपवर नाही. तिचा फोन बटणांचा आहे.

काकी प्रत्येक घरात असते. कुठे ती आई असते, कुठे थोरली वहिनी, कुठे लग्न राहून गेलेला एखादा काका. बाराही महिने जे कोणी घरात दिवा लावतं, ते या लेखापुरतं काकी. 'घराचं काम काढायचंय, तयारी काय करावी?' असं विचारणाऱ्या मंडळींसाठी आजचं सदर आहे. काम काढून पस्तावलेल्यांनी पुढच्या पानावर जावं, तिथे राशिभविष्य आहे.

आधी कागद. घराचा नमुना आठचा उतारा काढून बघा. त्यावर पणजोबांचं नाव असेल. पणजोबा गेले, त्यांचे मुलगे गेले, नातवांतलेही निम्मे गेले. ग्रामपंचायतीच्या दप्तरी मात्र पणजोबा दरसाल घरपट्टी भरतात. इतका नियमित करदाता जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही. आता त्यांच्या सगळ्या वारसांची संमती लागते. एक सही बडोद्याला असते, एक कुवेतला आणि एक रुसलेली असते. रुसलेल्या सहीला आणायला काकीलाच पाठवतात, कारण १९ वर्षांपूर्वी फणसावरून झालेल्या भांडणात ती एकटीच गप्प बसली होती.

मग समुद्र. घरातून दिसतो म्हणून आपण कौतुक करतो, सरकार अंतर मोजतं. किनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, मग 2019 ची. आमची पडवी एकदाही दुरुस्त झाली नाही, तेवढ्यात कायद्याची दोनदा दुरुस्ती झाली. नव्या नियमात गावांचे दोन वर्ग आहेत. 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं असली तर भरतीरेषेपासून 50 मीटर सोडायचे, नसली तर 200. ही शिरगणती गणपतीत केली असती तर कोकणातला हरेक गाव पन्नासात बसला असता. पण ती झाली फेब्रुवारीत, तेव्हा घरात काकी आणि मांजर. जुनं अधिकृत घर दुरुस्त करायला मोकळीक आहे, मात्र जोतं वाढवता येत नाही. मग जोत्यात मावेना म्हणून मंडळी घर वर चढवतात. काकीचे गुडघे कोणत्या मजल्यापर्यंत चढतात, यावर कुठल्याच अधिसूचनेत कलम नाही.

काम कधी काढावं? शहाण्या माणसानं दिवाळीनंतर काढावं. भात घरात आलेलं असतं, ऊन सौम्य असतं, गवंडी मोकळा असतो. पण तेव्हा मुंबईत कोणाला रजा नसते. रजा मिळते मे महिन्यात, म्हणून काम मे महिन्यात. या महिन्यात गावात हात-पाय हलवू शकणारा प्रत्येक जण आंब्याच्या बागेत असतो किंवा लग्नाच्या मांडवात. 7 जूनच्या आसपास मृग लागतं, आणि रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे छप्पर उघडायचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेनंतर आणि झाकायची मुदत मृगाआधी. 2021 साली तौक्ते वादळ मे महिन्याच्या मध्यालाच किनाऱ्यानं वर सरकलं, त्यानं मृगाची वाट बघितली नाही. एवढं होऊनही दरवर्षी कोणीतरी ग्रुपवर लिहितो, 'आपलं वीस दिवसांचं काम आहे.'

आता खरी तयारी, म्हणजे माळा उतरवणं. इथे घाई करू नका. शिडी लावून पहिला पुतण्या वर गेला की आधी धूळ खाली येते, मग शिंका, मग वस्तू. पाळण्याची एक बाजू. फुटक्या काचेचा कंदील. शेंड्या काढलेले आणि विसरलेले नारळ. बोटीच्या काळातली पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव आणि खाली 'मु. पो. जयगड, जि. रत्नागिरी'. ट्रंकेत गिरणीचा बिल्ला, पगाराच्या चिठ्ठ्या आणि 1982 च्या संपात गावी आल्यावर दुमडून ठेवलेली खाकी पँट, कामावर परत बोलावतील तेव्हा लागेल म्हणून. मुंबईची सून म्हणते, 'फेका ना हे सगळं.' काकी काही बोलत नाही. ती ट्रंक पुसते आणि मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, नेऊन ठेवते. तासाभरात मांगरात ट्रंक, पाळणा, कंदील, दोन हंडे, घंगाळ, जातं आणि काकी एवढं सामान होतं.

जमिनीत पुरलेलं वायन, म्हणजे कांडायचं दगडी उखळ, मात्र हलत नाही. त्याला पहार लावतात, दोरखंड लावतात, शेवटी त्याच्यावरूनच टाइल घालतात. पुढे कधीतरी उत्खनन होईल तेव्हा अभ्यासक लिहितील की एकविसाव्या शतकात कोकणी लोक कांडणाची साधनं विधिपूर्वक पुरत असत.

फणसाचे खांब आणि कोरीव दरवाजा यांच्यासाठी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तो खांबावर टिचकी मारतो, चेहरा पाडतो आणि म्हणतो, 'वाळवी हाय.' वाळवी दाखव म्हटलं तर म्हणतो, 'आतून हाय.' सरपणाच्या भावात खांब जातात. पुढच्या डिसेंबरात आपण अलिबागला एका रात्रीचे सात हजार मोजून राहतो आणि तिथल्या उपाहारगृहात आपलाच खांब आपल्याकडे ओळखीचं बघतो.

माणसांआधी देव हलवावे लागतात. आमच्या माहितीतल्या एका घरात टाक, शाळिग्राम आणि बाळकृष्ण शेजाऱ्यांकडे पाहुणे गेले, ते चार महिने. काकी रोज तिन्हीसांजेला तिथे जाऊन दिवा लावायची आणि शेजारणीकडे चहा घ्यायची. त्या चार महिन्यांत दोन घरांतलं पाण्याच्या पाटावरचं वैर मिटलं. संपूर्ण दुरुस्तीतून टिकाऊ असं काही निघालं असेल तर एवढंच.

कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं घालायचंच. नारळ ठेवून गुरवानं सुरुवात केली: बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जुन्या घराला हात घातलाय, गवंडी सकाळी आठला येऊ दे, आलेला दुसऱ्याच्या कामावर पळू नये, सिमेंटच्या पिशवीत सिमेंटच निघू दे. दरवेळी मंडळी दणक्यात म्हणाली, 'व्हय म्हाराजा!' मग गुरव म्हणाला, आणि मुंबईकर लेकरांचा हप्ता वेळेवर येऊ दे. या वेळचं 'व्हय म्हाराजा' फक्त काकीचं ऐकू आलं.

काम सुरू झालं की कारागिरांची ओळख होते. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होतो. भाऊबंदांचं नेमकं उलटं, कामाचा वारा लागला की मऊ पडतात. चिरा लावणारे गवंडी कर्नाटकातले. ते आपसात कन्नड बोलतात, आपल्याशी हिंदी बोलतात आणि पैशाबद्दल अस्खलित मराठी. सुतार खाडीपलीकडून, तवसाळहून येतो. फेरीबोटीनं तो दहा वाजता अलीकडे उतरतो, चहा घेतो, फळीवर पेन्सिलीनं एक रेघ मारतो आणि विचारतो, 'बोट किती वाजता?' त्या रेघा मी जपून ठेवल्या आहेत. त्यांचं एक कपाट होऊ शकलं असतं.

वायरमनचं काम संध्याकाळी चालतं. गावात 1200 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. टाइल कापायचं मशीन लावलं की आमच्या आळीतले दिवे मात्र लाजून खाली बघतात. काकीला प्रकल्पाची धुराडी मांगराच्या दारातून दिसतात. ती त्यांच्याकडे बघत चिमणीची वात वर करते.

गवंड्याला 'कधी संपेल?' असं विचारू नये. एका मालकानं विचारलं. गवंडी घमेलं खाली ठेवून म्हणाला, 'हायवे झाला काय?' मालक गप्प. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा ज्या पोरांनी मागच्या सीटवरून खड्डे मोजले ती आता स्वतः गाडी चालवत निवळी फाट्याला वळतात. चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग 16 ऑक्टोबर 2023 ला खाली आला. त्या मानानं आमच्या न्हाणीघराची भिंत एकदाच पडली, तीही जेवणाच्या सुट्टीत.

वास्तुतज्ज्ञ ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर असतो. त्याला फोन फिरवून घर दाखवायचं. तो म्हणतो, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. आग्नेयेला विहीर आहे असं सांगितलं तर म्हणतो, विहीर हलवता येईल का? देवघराच्या भिंतीला लागून संडास येतोय, हे काकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा ती जुन्या विचारांची ठरली. तज्ज्ञानं तेच सांगितल्यावर सगळे हादरले. उपाय म्हणून तांब्याची पट्टी बसवायची ठरली. पट्टी त्याच्याकडेच मिळते.

छपराची गोष्ट तर फार मोठी आहे. कौलं दरसाल शाकारावी लागतात, माकडं फोडतात, वादळात उडतात, म्हणून स्लॅब घातला. स्लॅब पहिल्याच श्रावणात पाझरला, म्हणून त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातला. पत्र्याखाली ऊन कोंडलं, म्हणून आतून पीओपीचं छत केलं. छत खाली आल्यावर वारा बंद झाला, म्हणून एसी बसवला. एसी चालवायचा म्हणून खिडक्या बंद केल्या, त्यामुळे पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली, म्हणून वॉटरप्रूफ रंग मारला. शेवटी घर फारच शहरी दिसतं असं कोणीतरी म्हणालं, म्हणून पुढच्या बाजूला शोभेची मंगलोरी कौलं चिकटवली. जुनी कौलं गडग्याला रचून ठेवली होती, ती तेवढ्यात आंब्याच्या बागवाल्यानं नेली. त्याच्या मांगरात आता सगळ्या जयगडात थंडगार झोप लागते.

शेणाची जमीन गेली, चकाचक टाइल आली. आषाढात हवेतली ओल तिच्यावर सुटते आणि माजघराची घसरगुंडी होते. काकी भिंतीला धरून चालते. पुतण्यानं तिच्यासाठी महागाची पायपुसणी ऑनलाइन मागवली आहेत, ती खंडाळ्यापर्यंत आली आहेत असं फोन सांगतो.

आता जयगडच्या किल्ल्याची आख्यायिका सांगतो. तट बांधून बांधून ढासळत होता. नरबळीशिवाय बांधकाम टिकणार नाही असं ठरलं, आणि जयबा नावाचा गरीब घरातला तरुण स्वतःहून पुढे आला. त्याच्या नावावरून जयगड. किल्ल्यात त्याचं स्मारक दाखवतात. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं. मला एवढंच खटकतं की बळीची गरज पडते तेव्हा किल्लेदार कधी स्वतःहून पुढे येत नाही, गरीब मात्र नेमका येतो. मे महिन्यात काकीही मांगरात स्वतःहूनच गेली, असं ग्रुपवर लिहिलेलं आहे.

तिथे तिनं तीन दगडांची चूल मांडली. गवंड्यांचा चहा, मुंबईकरांचे पोहे आणि वास्तुतज्ज्ञाच्या माणसाचं उपवासाचं, सगळं त्या चुलीवर झालं. घर तयार झाल्यावर पाच दिवस गणपतीत सगळे राहिले, फोटो काढले, 'स्वर्ग' असं लिहिलं आणि गेले. एसीच्या खोल्यांना कुलपं लागली, किल्ल्या डोंबिवलीला गेल्या, कारण सामान महागाचं आहे. काकीसाठी ठेवलेल्या खोलीला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. जुन्या पडवीत बसून ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला 'कुठं चाललास?' विचारायची; पडवीची आता पार्किंग झाली आहे आणि गाडी वर्षातले 350 दिवस मुंबईत असते. 'पडवी पाडताना बोलली का नाहीस?' असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'तुमी ठरवलाव ना बाबू, मग आता मला कशाला इचारताव?'

तेव्हा मुंबईकरहो, यंदा ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे. शिमग्याला पालखी दारात येईल त्या दिवशी तुम्ही सगळे असालच. पालखी पुढे गेली की नकाशा काकीसमोर उलगडा आणि ती जिथे बोट ठेवील ती भिंत सोडा. मे महिन्यात छप्पर उघडण्याआधी एक रात्र स्वतः मांगरात झोपून बघा, पंख्याशिवाय. आणि येताना गवंड्याचा राहिलेला हप्ता रोख घेऊन या. 'ऑनलाइन पाठवतो' हे तो गेल्या मे महिन्यापासून ऐकतोय.