उजव्याचं डाव्याला

हे गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. ज्याने ज्याने मूल स्केटिंगला घातलंय, त्याला ते ठाऊक असतात. रिंकच्या कठड्यापाशी बाकीचे आईबाप मोबाइल बघत, डब्यातले उरलेले पोहे संपवत उभे असतात, आणि एक माणूस फरशीवर फतकल मारून बसलेला असतो. पुढ्यात कालचा पेपर, पेपरावर आठ चाकं, शेजारी ॲलन की, जुना टूथब्रश, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पेट्रोलात बुडवलेली सोळा बेअरिंगं. मुलगी समोरून तीनदा गेली, हात हलवून गेली, तरी मान वर नाही. चौथ्यांदा गेली की मान न उचलताच म्हणणार, "डाव्यातलं तिसरं वाजतंय."

आमच्या पुण्यातल्या रिंकवरच्या या माणसाला आम्ही पाठीमागे बेअरिंगराव म्हणतो. नमस्काराला नमस्कार करायची त्यांना सवय नाही. आपण "काय म्हणता?" विचारावं, तर ते आपल्या पोराच्या हातातला स्केट काढून घेतात, एक डोळा मिटून चाकांच्या रांगेवरून नजर फिरवतात आणि गंभीरपणे सांगतात, "आतून गेलंय."

सगळंच आतून गेलेलं असतं. कारण एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केटवरचा माणूस पाय बाहेर ढकलून पुढे जातो, आणि ढकलताना चाकाची आतली कड जमिनीवर घासते. बाहेरची कड नव्या नवरीसारखी कोरी आणि आतली तिरकी, चपटी. त्यातून रिंकवरची मुलं कायम घड्याळाच्या उलट्या दिशेने फेऱ्या मारतात. वळणावर उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा. त्यात उजवा आतल्या कडेवर झिजतो आणि डावा बाहेरच्या. म्हणजे दोन पायांची झीजही सारखी नाही. यावर उपाय म्हणून बेअरिंगरावांनी एका सरांना सुचवलं होतं की सराव संपला की पोरांना सारसबागेच्या गणपतीला न्यावं, तिथे प्रदक्षिणा बरोबर उलट्या बाजूने होतात, हिशेब मिटतो. सर हसले. बेअरिंगराव हसले नव्हते.

खरा उपाय म्हणजे रोटेशन. चार चाकांच्या स्केटमध्ये पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, तिसरं पहिल्याच्या, चौथं दुसऱ्याच्या. आणि हे सगळं पाय बदलून. उजव्याचं डाव्याला, डाव्याचं उजव्याला. चाक फार झिजायच्या आत हे करत राहिलं तर आठही चाकं बरोबरीने बारीक होतात आणि दुप्पट टिकली असं वाटायला लागतं. इथवर काही बोलण्यासारखं नाही. माणूस उपयोगाचं सांगतोय. अडचण अशी की या माणसाला एकदा रोटेशनचा शोध लागला आणि त्यानंतर जगात जागच्या जागी असलेली कुठलीही वस्तू त्याला बघवेना.

घरात गाद्या फिरल्या. सोफ्याच्या उशा फिरल्या. गॅसचे बर्नर फिरले, त्यात लहान बर्नर मोठ्या जागी बसेना म्हणून वहिनींनी दोन दिवस दूध शेजारणीकडे तापवलं. चपला उजव्या-डाव्या बदलता येत नाहीत हे त्यांना अजून निसर्गाचं न्यून वाटतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला की अध्यक्षाने खजिनदार व्हावं, खजिनदाराने सचिव आणि सचिवाने अध्यक्ष, म्हणजे कुणी एकाच बाजूने झिजणार नाही. ठराव पडला. पण अध्यक्ष त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि माझ्या मते अध्यक्ष आतून गेलेलेच आहेत.

वहिनींचं सहन करणं हा स्वतंत्र विषय आहे. बेअरिंग धुऊन निथळायला बेअरिंगरावांनी चहाची गाळणी नेली, ती परत आलीच नाही. आली असती तरी कुणी वापरली नसती. आता त्या घरी गाळण्या दोन आहेत आणि एकीवर मार्करने 'चहा' लिहिलेलं आहे. बेअरिंगही साधं नव्हे, ६०८ नंबरचं: आठ मिलिमीटरचं भोक, बावीसचा बाहेरचा व्यास, सातची जाडी. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेल्या मुलाला हे सगळं पाठ करावं लागलं, तेव्हा कुठे त्याला मशीन उघडू दिलं.

कुणी नवा बाप ऐटीत सांगतो, "ॲबेक नऊ घेतलीत, सर्वांत फास्ट." बेअरिंगराव त्याला चहा पाजतात. ही वाईट खूण आहे. मग तासभर सांगतात की ॲबेक हा आकडा बेअरिंग किती अचूक घडवलंय त्याचा, वेगाचा नव्हे. आणि हातात धरून चाक भिरभिरवलं आणि ते मिनिटभर फिरत राहिलं म्हणून हुरळू नये, कारण त्यावर अजून पोरगं उभं राहिलेलं नाही. वजन पडलं, स्पेसर नीट बसला नसला, ॲक्सल फार आवळला असला, की ते मिनिट गेलं. पाणी मात्र खरा शत्रू. पावसाळ्यात ओल्या रिंकवर मूल उतरवणाऱ्या आईबापांकडे ते ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने पूर्वी लोक पत्रिका न बघता लग्न ठरवणाऱ्यांकडे बघायचे.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं व्याख्यान एका जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्रीचं. मुलांची उतरायची सोय मंगल कार्यालयात होती. हिंजवडीत नोकरी करणारे एक पालक फार पद्धतशीर; त्यांनी चाकं फिरवायचा तक्ता संगणकावर करून आणला होता, रंगीत. प्रत्येक चाक उजव्यातून डाव्यात, आणि शिवाय उलटं करून. बेअरिंगरावांनी तक्ता पाहिला आणि न बोलता बाहेर गेले. परत आले ते दोन वडापाव घेऊन. एक स्वतःच्या उजव्या हातात धरला, अंगाकडच्या बाजूने एक मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "हे झिजलेलं चाक. खाल्लेली बाजू आत. आता बघा." वडापाव जराही न वळवता डाव्या हातात घेतला. खाल्लेली बाजू आपोआप बाहेर. "कळलं? पाय बदलला की कड बदलतेच. तुम्ही वर उलटं केलंत," त्यांनी वडापाव उलटा केला, "की खाल्लेली पुन्हा आत. रात्रभर जागून जिथे होतात तिथेच." पद्धतशीर पालक बराच वेळ दोन्ही हातांकडे बघत राहिले. दुसरा वडापाव कशाला आणला होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाल्ला मात्र त्यांनीच.

इतिहासही त्यांना चाकापुरता ठाऊक. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्यामुळे भल्या मोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात. आरसा गेला, व्हायोलिन गेलं, मर्लिनला लागलं. आपण हसतो. बेअरिंगराव विचारात पडतात: "चाकांचं काय झालं, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही."

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेत आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही कांस्य आणलं, तेव्हा रिंकवर पेढे वाटले गेले. बेअरिंगरावांनी पेढा हातात धरून सगळ्यांना ऐकवलं, "रिले म्हणजे काय? माणसांचं रोटेशन!" त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये १००० मीटर स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला, तेव्हा आम्ही तिरंगा बघत होतो आणि हे महाशय चित्रफीत थांबवून थांबवून त्याच्या चाकांची कड बघत होते.

आता थोडं आमच्याबद्दल, म्हणजे उरलेल्या पालकांबद्दल. आम्ही पोरांना स्केटिंगला घालतो ते सहाव्या-सातव्या वर्षी, हौसेने. ऐंशी मिलिमीटरची चाकं घेतो, मग नव्वदची, मग सर म्हणाले म्हणून शंभर, एकशेदहा. झिजली की फिरवत बसायला वेळ कुणाला, नवा संच मागवतो. हजारो रुपये जातात, पण जाताना दिसत नाहीत. मग दहावी येते. क्रीडागुणांपुरतं प्रमाणपत्र मिळालं की स्केट माळ्यावर आणि पोरगं क्लासला. बारा बारा वर्षांची मुलं-मुली वाऱ्यासारखी पळताना बघितलेले आम्ही, काही वर्षांत त्यांच्या गुणपत्रिकेच्या फोटोवर अंगठे उमटवायला लागतो. कुणी हळहळत नाही. मीही हळहळलो नाही.

बेअरिंगरावांची मुलगीही थांबली. अकरावीचा क्लास सकाळचाच. आम्हाला वाटलं, आता सुटलो. पुढच्या रविवारी माणूस फरशीवर, पेपर अंथरून, हजर. पुढ्यात कुणाच्या तरी पोराची चाकं.

मध्ये गुडघ्याने त्रास दिला. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाला धरून सांगितलं, आतली बाजू झिजलीय. आपल्याकडे गुडघे बहुतेक आतूनच झिजतात म्हणे. बेअरिंगरावांनी शांतपणे विचारलं, "दोन्ही गुडघ्यांत सारखीच का? नाहीतर उजव्याचं डाव्याला..." हे वहिनींनी मला सांगितलं. सांगताना हसत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "अहो, ते खरंच विचारत होते." तेव्हापासून ते फरशीऐवजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात. खाली ठेवलेलं चाक उचलायला त्यांना आता कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि हाक मारली की तिघं-चौघं पोरं धावतात. पोरांना हा माणूस आवडतो, हे लिहिताना मला थोडं जड जातंय.

कारण सांगतो. रिंकबाहेर हार-फुलं विकणाऱ्या बाईंचा मुलगा जाळीला नाक लावून बघत असायचा. एका रविवारी तो आत होता, पायात कुणाचे तरी जुने बूट, आणि खाली आठ चाकं चार वेगवेगळ्या रंगांची. चाकं गोळा कुठून केली? बेअरिंगरावांनी. आम्ही फेकलेली झिजकी चाकं हा माणूस इतकी वर्षं उचलून पिशव्यांत ठेवत होता. वहिनींच्या माळ्याचा अर्धा भाग त्याच पिशव्यांचा आहे आणि त्यावरून त्या घरात जी भांडणं झाली ती मी स्वतः जिन्यातून ऐकलेली आहेत. आता त्याचं कारण कळलं. एका स्केटमध्ये चाकं कमी-जास्त घेराची चालत नाहीत. एखादं दोन मिलिमीटरने बारीक असलं तर ते जमिनीला टेकतच नाही, नुसतं शोभेला. नवी चाकं एकसारखी मिळतात. झिजलेली एकसारखी आठ हवी असतील, तर शेकडो जमवावी लागतात आणि प्रत्येकाला व्हर्नियर लावावा लागतो. ऐंशीची झिजून शहात्तर झालेली, कडकपणा एकच, अशी आठ. रात्री जेवणानंतर ते हेच करत असतात.

त्या मुलामागे आणखी काही मुलं आली. सरांनी त्यांची फी घेणं बंद केलं. सर तसे बोलत नाहीत, करतात. ती पळताना त्यांची रंगीबेरंगी चाकं लांबून ओळखू येतात. वेगाचं मला कळत नाही. पण बेअरिंगराव अजूनही एकाचीही पाठ थोपटत नाहीत. पोरगं धापा टाकत समोर आलं की स्केट उचलतात, एक डोळा मिटतात: "आतून गेलंय. काढ."

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर एक जोडी असणारच, मुलगा पुढच्या वर्षी काढील म्हणून ठेवलेली. तो काढणार नाही. ती भंगारवाल्याला देऊ नका, आणि चाकं झिजलीयत म्हणून लाजू नका. बेअरिंगरावांना झिजलेलीच हवी आहेत, सध्या ऐंशीची शहात्तर झालेली कमी पडताहेत. तुमच्या गावातल्या रिंकवरही रविवारी सकाळी असा एक माणूस पेपर अंथरून बसलेला असेल, त्याच्यापुढे नेऊन ठेवा. फक्त प्रत्येक चाकावर मार्करने लिहून न्या: उजव्यातलं की डाव्यातलं, कितवं, आतली बाजू कोणती. न लिहिता नेलंत तर तो तुम्हाला चहा पाजेल.