डेस्मोपंत

जुनी डुकाटी असलेली माणसं जगात थोडी. ती घ्यावी की नाही या विचारात पडलेली माणसं मात्र जिथे-तिथे भेटतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटचे आमचे डेस्मोपंत या दुसऱ्या गटातले, आणि त्या गटात ज्येष्ठतेने पहिले. त्यांचं खरं नाव आता मराठी मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुरतं उरलंय. त्यांनी विचाराला सुरुवात केली तेव्हा त्यांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवत होता. तो आता स्वतःची गाडी घेऊन कॉलेजात गेला. विचार चालू आहे.

विचाराचा विषय ठरलेला: डुकाटी ९१६. ही १९९४ साली बाजारात आली. लाल रंग, सीटखालून डोकावणारे दोन सायलेन्सर, मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं. दुसऱ्या बाजूने बघाल तर चाक आख्खं उघडं दिसतं आणि ते नुसतं श्रद्धेवर टिकलंय असं वाटतं. ती घडवली मास्सिमो तांबुरीनी यांनी. या गृहस्थांचा मूळ धंदा हीटिंगची कामं घेण्याचा. १९७२च्या सुमारास मिसानोच्या ट्रॅकवर ते आपल्या होंडा ७५० वरून सपशेल आपटले, बरगड्या मोडून घेतल्या, आणि मग त्याच होंडाच्या इंजिनाभोवती स्वतः नवी फ्रेम बांधली. त्यातून पुढे त्यांची बिमोटा कंपनी मोटारसायकलींकडे वळली आणि अखेर तांबुरीनींच्या हातून ९१६ जन्माला आली. पंत ही कथा दरवेळी बरगड्यांपासून सांगतात. त्यांची स्वतःचीही होंडाच आहे, त्यामुळे कथेतली कळ त्यांना आतून लागते.

होंडाबद्दल पंतांची तक्रार काही नाही, आणि हीच त्यांची तक्रार आहे. बटण दाबलं की ती सुरू होते. थंडीत होते, महिनाभर उभी राहिली तरी होते. ऑफिसला नेते, परत आणते. "अरे, हिच्याबद्दल चार माणसांत बोलणार काय?" असं ते खालच्या आवाजात विचारतात. कारण हिच्याच जिवावर ते दर रविवारी डुकाटीवाल्यांमध्ये जाऊन उभे राहतात.

ही जागा म्हणजे वुडसाइडच्या डोंगरावरचं ॲलिसेस रेस्टॉरंट. हायवे ८४ आणि स्कायलाइन बुलेव्हार्ड जिथे एकमेकांना छेदतात, तिथे रविवारी सकाळी साऱ्या बे एरियातल्या मोटारसायकली जमतात. पंत होंडा जरा लांब, झाडाआड लावतात आणि चालत येतात. डुकाटीवाले त्यांना नावाने ओळखतात. गाडी सुरू केली की कोरड्या क्लचचा खडखडाट होतो, सुटे नट डब्यात घालून हलवल्यासारखा. नवखा माणूस हा आवाज ऐकून एक पाऊल मागे सरतो. पंत डोळे मिटून पुढे सरकतात. "प्लेटा बदलायला आल्यात," असं म्हणतात, आणि प्लेटा खरंच बदलायला आलेल्या असतात. डुकाटीच्या मालकांची एक गंमत आहे. "आजवर काडीचा त्रास नाही" हे वाक्य ते ज्या गंभीरपणे उच्चारतात, त्याच गंभीरपणे पुढच्या वाक्यात सांगतात की गेल्या वर्षी व्होल्टेज रेग्युलेटर जळला तेव्हा टो-ट्रकवाला फार सज्जन भेटला. पंत दोन्ही वाक्यं मनाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात आणि घरी येऊन आळीपाळीने काढून बघतात.

आता डेस्मो हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पंत ते तुम्हाला सांगणारच. माझ्याकडून ऐकलंत तर निदान लवकर संपेल. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्हला ढकलून उघडतो आणि स्प्रिंग त्याला परत बंद करते. डुकाटीचे इंजिनिअर फाबियो ताल्योनी यांचा स्प्रिंगवर विश्वास नव्हता. इंजिन फार वेगाने फिरलं की स्प्रिंग मागे पडेल, मग व्हॉल्व्ह वेळेवर मिटणार नाही. म्हणून १९५६ साली त्यांनी डुकाटीच्या रेसच्या १२५ मध्ये व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा रॉकर लावला. उघडणारा एक, मिटणारा एक. ९१६ मध्ये व्हॉल्व्ह आठ, म्हणजे रॉकर सोळा, आणि फट मोजून जुळवायच्या शिमही सोळा. हे काम दर दहा हजार किलोमीटरला करायचं. शिवाय टायमिंगचे रबरी बेल्ट दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी चालवलीत की नुसती पुसलीत याचा त्याच्याशी संबंध नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची समोरासमोर गाठ पडते. दोन्ही कामं एकदम काढली की चार आकडी डॉलरचं बिल येतं. पंतांना हे सगळं पाठ आहे. पंतांच्या मनाची रचनाही याच बनावटीची: "घेऊन टाकू" म्हणणारा एक रॉकर, "थांब जरा" म्हणणारा दुसरा, आणि दोघांचं टायमिंग इतकं अचूक की मधल्या वेळात चेकबुक कधी उघडतच नाही.

गाडी बघायला जाताना ते मला बरोबर नेतात. साक्षीदार म्हणून असावं. खिशात टॉर्च, रबरी हातमोजे, एक छोटा आरसा. दारात पोचल्यावर "हॅलो" म्हणायच्याही आधी इंजिनाला हात लावतात. गरम लागलं तर प्रकरण तिथेच संपलं, कारण विकणाऱ्याने आधी सुरू करून ठेवलीय म्हणजे थंड असताना सुरू होत नसणार. गार लागलं तर खाली बसतात आणि चाचणी सुरू होते. नटांवर पान्याच्या खुणा. रेग्युलेटरच्या कनेक्टरवर जळल्याचा डाग. मग रॉकरचा प्रश्न. या काळातल्या रॉकरवरचा क्रोमचा मुलामा सोलतो, हे खरं आहे, आणि सोलला की नवे रॉकर घ्यावे लागतात. झाकणं उघडल्याशिवाय ते दिसत नाही आणि कोणताही विकणारा रविवारी दुपारी झाकणं उघडत नाही. पंतांना हे ठाऊक आहे. तरी ते विचारतात. नकार आला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

मैलांचंही तसंच. सहा हजार मैल झालेली गाडी असेल तर ती फार उभी राहिली. सील वाळले असणार, टाकीत गंज असणार. चाळीस हजार झालेली असेल तर फार पळाली. वीस हजार झालेली असेल तर मीटर बदललेला असावा, कारण वीस हजार हा आकडा फारच सोयीचा आहे. एकच मालक असेल तर त्याने कागदपत्रं जपली नसतील असं कसं, आणि जपली असतील तर इतकी कशाला जपली? एका म्हाताऱ्याने बेल्टच्या पावत्यांची फाइल काढून दिली. तारखा लावलेल्या, प्लास्टिकमध्ये घातलेल्या. परतीच्या वाटेवर पंत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतका व्यवस्थित माणूस डुकाटी घेईलच कशाला?"

स्टँडचा किस्सा मात्र मी डोळ्यांनी पाहिला. ९१६ चा साइड स्टँड स्प्रिंगचा असतो. गाडीचा भार त्याच्यावरून उचलला गेला की तो आपणहून वर जातो. स्टँड खाली राहून कोणी वळणावर आपटू नये ही मूळची सद्बुद्धी. पण गाडी जरा सरळ केली आणि विसरून परत कलती केली की खाली आधार नसतो. एका हौशी मालकाने आम्हाला दाखवायला गाडी जराशी उभी केली, फोन वाजला म्हणून सोडली, आणि लाल फेअरिंग हळूच सिमेंटवर टेकली. मालकाचा चेहरा पाहवेना. पंतांनी गाडी उचलायला मदत केली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "यांचं असंच असतं." आपल्या घरातल्या मुलाबद्दल बोलावं तसा सूर होता.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेत जाऊन लागलेलं खूळ. तसं नाही. पंतांचे वडील साताऱ्याला कारकून होते. त्यांनी बजाज स्कूटरसाठी नंबर लावला होता, आणि त्या काळात बजाजसाठी वर्षानुवर्षं थांबणं ही रीतच होती. बजाजने १९६० पासून पियाजियोच्या परवान्यावर वेस्पा बनवली, १९७१ ला करार संपला तरी पुढच्या चेतकचं अंग वेस्पाचंच राहिलं. मूळ वेस्पा १९४६ ची, कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या हेलिकॉप्टरच्या इंजिनिअरने काढलेली. आजही पियाजियोचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. म्हणजे इटालियन यंत्राची वाट बघणं, आणि ते मिळाल्यावर सकाळी अंगणात एका अंगाला कलतं करून, लाथा मारून सुरू करणं, हे पंतांच्या घराण्यात आधीपासून आहे. फरक एवढाच की वडिलांना सरकारी टंचाईने थांबवलं होतं. मुलाला थांबवायला कोणी नाही, म्हणून ते काम त्याने स्वतःच अंगावर घेतलंय.

कोणी नाही, असं म्हणताना मी वहिनींना धरलेलं नाही, आणि धरूही नये. सगळी वर्षं पंतांनी आमच्यात असं भासवलं की घरून परवानगी नाही. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोटारसायकलींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ९१६ मांडली होती. त्याचा जाडजूड कॅटलॉग पंतांच्या टीपॉयवर कायम असतो. तो दाखवून ते एकदा म्हणाले, "ही संग्रहालयात ठेवलेली वस्तू आहे." वहिनी आतून म्हणाल्या, "मग राहू दे तिथेच." हेच वाक्य पुढे पंतांनी नकाराचा दाखला म्हणून सर्वत्र फिरवलं. पण गेल्या दिवाळीच्या फराळाला, सगळ्यांच्या देखत, वहिनी चकलीचं ताट ठेवत म्हणाल्या, "अरे, पैसे आहेत, गराजमध्ये जागा आहे, तुझी पन्नाशी उलटली. घेऊन टाक ना एकदाची ती." टाळ्या पडल्या. पंतांचा चेहरा मी पाहिला. इतका निराधार माणूस मी क्वचितच बघितला असेल. त्यानंतर ते मंडळाच्या दोन कार्यक्रमांना आले नाहीत.

आणि मग ती आलीच. सांताक्रूझच्या बाजूला. लाल, एकाच सीटची, इंजिन गार, बेल्ट नुकतेच बदललेले, झाकणं उघडून रॉकर तपासल्याचे फोटो, कनेक्टर नवे, पिंक स्लिप, म्हणजे मालकीचा कागद, हातात. किंमत रास्त. पहिल्या बटणात सुरू झाली. पंतांनी तिच्याभोवती फेऱ्या घातल्या, टॉर्च मारला, आरसा धरला. काही सापडेना. घाम फुटला. शेवटी त्यांनी विक्रेत्याला विचारलं, "इतकी चांगली आहे, तर विकताय कशाला?" तो म्हणाला, मनगटं दुखतात, शिवाय सीटखालच्या सायलेन्सरमुळे उन्हाळ्यात बूड भाजतं. सरळ, खरं उत्तर. ९१६ चालवलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो. पंतांनी माझ्याकडे वळून मराठीत म्हटलं, "काहीतरी लपवतोय."

ती गाडी त्यांच्याच ऑफिसातल्या एका तरुण तमिळ मुलाने घेतली, पंतांच्या सल्ल्याने, आणि पंतांनी घासाघीस करून कमी करून दिलेल्या किमतीत. आता शनिवारी ते त्याच्या गराजमध्ये असतात. शिम मोजतात, तेल बदलतात, स्टँडचा धाक घालतात. त्या मुलाला अजून मनगटं दुखायला लागलेली नाहीत. पंतांकडून अशा गाड्या बघून घेतलेले आणखीही काही लोक बे एरियात आहेत, आणि माझ्या माहितीत त्यातल्या एकाचाही सौदा फसलेला नाही. माझं मत विचाराल तर पंतांनी डुकाटी घेऊ नये. घेतली तर त्यांना स्वतःची एकच सांभाळावी लागेल, आणि इतक्या लोकांच्या गाड्या उघड्या पडतील.

तेव्हा वाचकहो, तुमची ९१६ विकायला असेल आणि पन्नाशीतला एक मराठी गृहस्थ टॉर्च घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला गाडी जरूर दाखवा. इंजिन आधी गरम करून ठेवू नका. पावत्या काढून ठेवा, पण फार नीट लावू नका. तुमच्या गाडीला काय झालंय ते तो फुकट सांगेल, आणि ते बरोबर असेल. जाहिरात मात्र तेवढी काढू नका.