समुद्र आहे, ट्रक नाही

पोर्टोबेलो, एडिंबरा
जूनमधला रविवार, रात्रीचे साडेनऊ (बाहेर अजून लख्ख उजेड)

ती. नाना आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. इकडील सर्व क्षेम, एक गोष्ट सोडून. मी सायकलवरून पडलो. उजव्या ढोपराला आणि अब्रूला खरचटलं. पैकी ढोपर भरत आलं आहे. चिऊनं फोनवर "बाबा धडपडला" एवढंच सांगितलं, फोन आईस्क्रीमच्या नादात ठेवून दिला आणि त्या रात्री आईचा डोळ्याला डोळा लागला नाही, असं ताईकडून कळलं. म्हणून हे सविस्तर पत्र.

नाना, तुमचा पहिला प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय: "ट्रक होता का एसटी?" दोन्ही नव्हतं. रिक्षासुद्धा नव्हती. पडलो त्या रस्त्यावर मोटारींना बंदीच आहे. शाळा, क्लास, कॉलेज करत बारा वर्षं नाशकात द्वारकेच्या चौकातून सायकल दामटली, अंगावर ओरखडा नाही. आणि इथे मोकळ्या रस्त्यावर, स्वच्छ उन्हात, वीतभर उंचीच्या कुत्र्यानं मला लोळवलं.

पण आधी गाव सांगतो. पोर्टोबेलो हे एडिंबराचं उपनगर, शहराच्या मध्यापासून पाचेक किलोमीटर पूर्वेला, अगदी समुद्राला खेटून. समुद्र म्हणजे खरं तर फोर्थची खाडी, पण आपण नाशिककर, आपल्याला गंगापूर धरण भरलं तरी समुद्रच वाटतो. 1739 मध्ये ब्रिटिश आरमारानं पनामातलं पोर्तो बेलो नावाचं बंदर घेतलं. त्या मोहिमेतल्या म्हणवणाऱ्या एका खलाशानं इथे येऊन झोपडी बांधली आणि झोपडीला बंदराचं नाव दिलं. म्हणजे पनामाचं नाव स्कॉटलंडातल्या झोपडीला. मला हे लगेच पटलं, कारण आपलं तरी काय वेगळं आहे? ऑफिसातल्या एका गुजराती बाईंना मी "द्वारकेचा" असं सांगितलं तर त्यांनी भक्तिभावानं हात जोडले आणि "मग घर समुद्राजवळच असेल?" विचारलं. म्हटलं, नाही हो, मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रोड जिथे एकमेकांच्या उरावर बसतात, तिथे. कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली. आमची रोज संध्याकाळी सहाला वाहनांत बुडते आणि साडेनवाला वर येते.

तर इथे वाळूच्या कडेनं एक रुंद रस्ता आहे, प्रोमेनाड म्हणतात. सीफील्डपासून जॉपापर्यंत, तीनेक किलोमीटर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला घरं आणि चहा-कॉफीची दुकानं. चालणारे, पळणारे, बाबागाड्या, कुत्री आणि सायकली, सगळ्यांचा मिळून तो एकच रस्ता. सायकलला वेगळा पट्टा नाही; पायी चालणाऱ्याचा मान पहिला, बाकी सबुरीनं घ्यायचं.

पहिल्या दिवशी मला सायकल चालवताच येईना. कान रिकामे पडले ना! द्वारकेवर आपण सायकल डोळ्यांनी नाही, कानांनी चालवतो. मागचा हॉर्न डंपरचा की सिटीबसचा, किती लांबून, ड्रायव्हर खरंच चिडलाय की सवयीनं हात ठेवून बसलाय, हे मान न वळवता कळतं. इथे मागे काहीच नाही. मी दर दहा पायडलांनी मागे वळून बघायला लागलो. तुमची सून म्हणाली, "कोण येणारे मागून? समुद्र?"

आणि घंटी! चौकातल्या सवयीनं मी ट्रिंग ट्रिंग ट्रिंग करतच निघालो. माणसं दचकून कडेला झाली, आणि वर "थँक्यू" म्हणाली. चिऊ लाजेनं लाल. घरी आल्यावर तिनं माझी शिकवणी घेतली: घंटी एकदाच, लांबून, हलक्या हातानं. त्याचा अर्थ "माफ करा, मी येतोय". दोनदा वाजवली की भांडण. आपल्याकडे घंटी न वाजवणारा उद्धट, इथे वाजवणारा.

आता पडण्याचं. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी त्या समुद्रात डुंबून येतात (आई, जूनमध्येसुद्धा पाण्यात पाय घातला तर मेंदूपर्यंत कळ जाते) आणि मग कुत्र्याला फिरवतात. कुत्रं लांबट, आखूड पायांचं, लाटण्याला पाय फुटावेत तसं. त्याच्या पट्ट्याची दोरी एका डबीतून सुटत जाते, सुताराच्या गुंडाळत्या टेपसारखी. आजी डाव्या कडेला, कुत्रं उजव्या कडेला चिप्सचा कागद हुंगत, आणि मधे घोट्याच्या उंचीवर ती दोरी, उन्हात दिसेना. मी नियमाप्रमाणे एकच ट्रिंग केलं. आजींनी वळून, हसून "गुड मॉर्निंग" केलं. कुत्र्यानं नाही केलं. दोरी दिसली तेव्हा, नाना, तुम्ही जन्मभर करू नको म्हणालात तेच मी केलं, पुढचा ब्रेक करकचून दाबला. वाळू दोन हातांवर होती. पडलो मात्र फरशीवर.

मग सुरू झालं सॉरी. आजी सॉरी म्हणाल्या. मी सॉरी म्हणालो. पळत येणारा एक इसम थांबला आणि तोही सॉरी म्हणाला, त्याचा काडीचा संबंध नव्हता. द्वारकेवर हेच झालं असतं तर एकानं सायकल उचलली असती, दुसऱ्यानं टपरीवरून पाणी आणलं असतं, आणि पाच मिनिटांत चूक कोणाची यावर दोन पक्ष पडून रीतसर निकाल लागला असता. इथे निकालच लागला नाही. कुत्र्यानं येऊन ढोपर चाटलं, तेवढाच काय तो पंचनामा. मला सगळं प्रकरण जरा अळणी वाटलं.

चाकाला आउट आला आणि पुढची ट्यूब गेली. एका दुकानात विचारलं तर म्हणे पंक्चर काढत नाही, ट्यूब नवी टाकू. मजुरीचा आकडा ऐकून मी दुकानदाराला "थँक्यू, सॉरी" दोन्ही म्हणून बाहेर आलो. मागच्या अंगणात भांडी घासायचं प्लॅस्टिकचं घमेलं पाण्यानं भरलं, चमच्यांच्या दांड्यांनी टायर उकललं, ट्यूब पिळत पिळत पाण्यात फिरवली. बुडबुडे दिसताच चिऊ जादू बघावी तशी ओरडली. तिला वाटायचं पंक्चर मोबाइलवर कळतं. काचपेपरनं घासलं, सोल्यूशन लावलं, तुम्ही करता तसं फुंकर घालत शंभर मोजले आणि मगच ठिगळ दाबलं. आजी कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी सांगितलं, हवेचं टायर लोकांपर्यंत नेणारा डनलॉप मूळचा स्कॉटलंडचा, पेशानं गुरांचा डॉक्टर. बेलफास्टमध्ये राहत असताना पोराच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून त्यानं खटपट केली आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी टॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं असंच पेटंट घेतलं होतं, पण त्याचं चाललं नाही. तो टॉमसन इथेच, एडिंबरात पुरलेला आहे. म्हणजे पंक्चरचं मूळ स्कॉटलंडात आणि ते काढायची विद्या नाशिकात.

चाक फिरायला लागल्यावर आम्ही तिघं दुसऱ्या वाटेनं शहरात गेलो, आणि ती वाट मला तुम्हाला दाखवायचीच आहे. ती मुळात रेल्वे. 1831 मध्ये डाल्किथकडच्या खाणींतला कोळसा एडिंबराला आणायला टाकलेली, आणि गाड्या ओढायला घोडे! लोक तिला "इनोसंट रेल्वे" म्हणत, आपण भोळी रेल्वे म्हणू. असं सांगतात की पुढे माणसं बसायला लागली तेव्हा तिकीट देणं सोडून दिलं, कारण कुठे उतरायचं ते प्रवासी धड सांगतच नसत. नाना, द्वारकेवर नाशिकरोडसाठी नुसतंच "रोड, रोड, रोड" ओरडणाऱ्या रिक्षावाल्यांना हा इतिहास सांगा, त्यांना आपली माणसं भेटल्यासारखं वाटेल.

1968 मध्ये ती लाइन बंद पडली. रूळ उखडले, पण जमीन कोणी गिळली नाही, तिचीच सायकलवाट केली. शेवटी अर्ध्या किलोमीटरहून थोडा मोठा बोगदा आहे, शहराकडे जाताना चढाचा. त्या चढावर तेव्हा घोड्यांचं काही चालत नसे, वरती बसवलेलं वाफेचं इंजिन दोरानं डबे ओढी. आम्हाला ओढायला कोणी नव्हतं. आत गारवा, दिव्यांची रांग, थेंब थेंब पाणी, आणि चिऊ "ओ" करून स्वतःचाच आवाज ऐकत पुढे. मला आपला द्वारकेचा भुयारी मार्ग आठवला. तिथे मी उभ्या जन्मात दोनदा गेलो, त्यातला एकदा पावसापासून आडोसा म्हणून.

तुम्ही विचाराल, ह्या वाटेला पास लागतो का. नाही लागत. नोटांच्या प्रेसच्या गेटवर रोज झडती देऊन नोकरी केलेल्या माणसाला पटणार नाही, पण नाही लागत.

सगळं गोडच आहे असं समजू नका. शेजारच्या मसलबरो गावाकडे जाताना पाठीवर वारा असतो, माणूस स्वतःला पहिलवान समजतो. परतताना तोच वारा छातीवर बसतो. चिऊ तर एकदा रडायला लागली, तिला आईस्क्रीम कबूल करून आणली. आणि प्रोमेनाड सीफील्डला संपतो तिथे एकदम मोठा रस्ता, मोटारींची दुकानं, ट्रक, धूर. खरं सांगू? तिथे पोचलो आणि क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं.

आईसाठी एक बातमी: तिचा तो जेम्स बाँड, शॉन कॉनरी, सिनेमात जायच्या आधी इथल्या उघड्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. तलाव 1979 मध्ये बंद पडला. तरी तिला जागा बघायची असेल तर मी नेईन, कॅरिअरवर बसावं लागेल.

आता नाना, मुद्द्याचं. चिऊ नऊ वर्षांची आहे आणि ह्या वाटांवर मी तिला पुढे एकटी सोडतो, ती ठिपक्याएवढी होईपर्यंत. परवा तशी ती जाताना मला आपलं गाव आठवलं. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघंही डॉक्टर, 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची शर्यत जोडीनं पुरी केली, नऊ दिवसांच्या आत. 2017 मध्ये नाशिकच्याच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनी ती एकट्यानं मारली. आपल्याकडून सायकलवर पंढरपूरची वारी जाते. आणि त्याच गावात ताई सातवीतल्या पोराला काठे गल्लीतून दूध आणायला सायकल देत नाही. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मीही दिली नसती.

आपल्याकडे बंद पडलेली रेल्वे नाही, पण नदी आहे. पुणे रोडवरच्या नासर्डी पुलापासून काठाकाठानं टाकळीला, जिथे नासर्डी गोदावरीला मिळते तिथपर्यंत, समर्थांच्या मारुतीपर्यंत, वाट का नसावी? लहानपणी शनिवारी तुम्ही मला नळीवर बसवून टाकळीला न्यायचात, ते रस्त्यानं. पण एकदा नदीकडच्या पायवाटेनं नेलं होतंत आणि घाणेरीत अडकून माझा शर्ट फाटला होता. आईला खोटं सांगितलं होतं आपण. आई, आता कळलंच आहे तर रागावू नकोस.

ताई म्हणते, तुम्ही सायकल बंद केल्यापासून अ‍ॅटलास जिन्याखाली उभी आहे आणि आई तिच्यावर पायपुसणी वाळत घालते. ती भंगारवाल्याला देऊ नका. पाऊस सुरू होतोय, चेनला तेल सोडा, सीटवर पिशवी बांधा. आणि येत्या शनिवारी टाकळीला रिक्षानं थेट न जाता नासर्डी पुलापाशी उतरून एकदा नदीकाठानं चालून बघा, ताईच्या पोराला बरोबर घ्या. सायकल कुठपर्यंत जाईल, कुठे अडेल, घाणेरी अजून आहे का, ते मला नीट लिहून कळवा. फोनवर नको, पत्रच पाठवा.

तुमचा,
बाळ्या