सात रस्त्यावर विवाडो : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : लिनक्सचा एक लॅपटॉप, शंभरेक जीबी मोकळी जागा, एक बेसिस-३ बोर्ड, न जाणारी वीज आणि घरात लग्नकार्य नसलेला आठवडा. शेवटच्या दोन गोष्टी सोलापुरात एकाच वेळी जुळून येणं कठीण, पण प्रयत्न सोडू नये.

आधी तोंडओळख. एफपीजीए म्हणजे विकत आणल्यावर आपल्याला हवं ते सर्किट बनणारी चिप. माग तोच, पण जेकार्डची कार्डं बदलली की चादरीवर मोराच्या जागी कमळ उतरतं, तसंच हे. झायलिंक्सने १९८५ मध्ये अशी पहिली चिप काढली, तेव्हा तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते. बेसिस-३ वरच्या आर्टिक्स-७ मध्ये ३३,२८० लॉजिक सेल आहेत. चिप बिचारी तुम्ही म्हणाल ते होते. तिच्यात सर्किट भरणारं सॉफ्टवेअर म्हणजे विवाडो. ते म्हणेल ते मात्र तुम्हाला व्हावं लागतं.

पायरी १ : पत्ता सांगा. झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीने घेतली, तेव्हा खातं एएमडीकडे उघडा. अमेरिकेच्या निर्यात कायद्यापायी डाउनलोडआधी नाव-पत्ता भरावा लागतो, तोही रोमन लिपीत. ‘सात रस्ता, मेडिकलच्या वर, खालून हाक मारणे’ एवढ्यावर कुरिअरवाला बरोबर येतो. अमेरिकेचं त्याने समाधान होत नाही. लाइटबिल काढा, त्यावर घर नंबर सापडेल.

पायरी २ : हावरटपणा करू नका. सगळं एकदम उतरवायचं तर हल्लीची फाइल शंभर जीबीच्या आसपास जाते. छोटा वेब इन्स्टॉलर घ्या. फुकटची स्टँडर्ड आवृत्ती निवडा. आर्टिक्स-७ ला ती पुरते, वेगळं लायसन्स लागत नाही. चिपांच्या यादीतून व्हर्सल, अल्ट्रास्केल वगैरे मंडळींच्या खुणा काढा. जी चिप आपल्याकडे नाही आणि बापजन्मी येणार नाही, तिचा पाहुणचार कशाला?

पायरी ३ : इन्स्टॉलर चालवा. डबल क्लिक करून काही होणार नाही. टर्मिनल उघडून फाइलला आधी चालण्याची परवानगी द्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, देवनागरी तर नकोच. ‘माझी कामे’ नावाच्या फोल्डरपुरता मराठी बाणा आवरा.

पायरी ४ : जेवून घ्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. परत येईपर्यंत पट्टी जवळजवळ भरलेली असेल आणि खाली ‘जनरेटिंग इन्स्टॉल्ड डिव्हाइस लिस्ट’ असं लिहिलेलं असेल. मित्राचा फोन येईल, “काय बे, झालं का?” तुम्ही म्हणाल, “झालंच बे, शेवटचं राहिलंय.” दोन तासांनी तोच फोन, तेच उत्तर. चूक झाल्याचा संदेश येणार नाही. पट्टी नुसती बसून राहील. कारण आतल्या आत ते ‘लिबटिनफो’ नावाच्या लायब्ररीची पाचवी आवृत्ती शोधत असतं आणि नव्या उबंटूत सहावी असते. जुन्या उबंटूचं पॅकेज आणून बसवा, नाहीतर सहावीलाच पाचवीच्या नावाची लिंक द्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नावाची पाटी बघितली की ते आत कोण बसलंय हे विचारत नाही.

पायरी ५ : विवाडोला हाक मारा. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका. एवढ्या जीबी खाऊन ते घरातच बसलेलं असतं. सेटिंग्जची स्क्रिप्ट ‘सोर्स’ केल्याशिवाय लिनक्सला त्याचा पत्ता लागत नाही.

पायरी ६ : बोर्ड जोडा. तो दिसणार नाही. इथे नवशिके तीन केबली बदलतात, चौथी आणायला निघतात. खाली उतरू नका. लिनक्सवर केबलचे ड्रायव्हर इन्स्टॉलरबरोबर बसत नाहीत. त्यांची स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरात असते, ती सुडो लावून चालवायची. बोर्ड काढून पुन्हा लावा. तरीही दिसला नाही, तर केबल नुसती चार्जिंगची आहे. आता उतरा.

पायरी ७ : एलईडी लुकलुकवा. दहा ओळींचं व्हेरिलॉग लिहा, काही मिनिटं थांबा. हिरवा ठिपका उघडमीट करू लागेल. आई म्हणेल, “एवढ्यासाठी आठवडा?” आईला ३३,२८० हा आकडा सांगू नये. त्यातले किती वापरले, हा तिचा पुढचा प्रश्न असतो.

हा सगळा व्याप नको असेल, तर लॅटिसच्या आइस-४० चिपा घ्या. त्यांच्यासाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही खुली साधनं आहेत. खातं नको, पत्ता नको. मात्र कॉलेजच्या प्रयोगवहीत विवाडोचाच स्क्रीनशॉट मागितला असेल, तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजा.

निगा : एखाद्या सकाळी उबंटूची नवी आवृत्ती आल्याची खिडकी उघडेल. विवाडोच्या कागदोपत्री उबंटूच्या ठरावीक आवृत्त्याच मान्य असतात. ‘नंतर’वर टिचकी मारा. डिग्री हातात पडेपर्यंत रोज मारा.