उन्हाचा रकाना

(सीमाभागातलं तालुक्याचं गाव. 'छोट्या उद्योगांसाठी ऑनलाइन बाजारपेठ' या शिबिराचा फलक. टेबलामागे साहेब, पुढे पिशवी सांभाळत बसलेली मावशी, दाराशी शिपाई.)

साहेब : या मावशी. काय विकता?

मावशी : कुरडया, पापड, कांदा-लसूण चटणी. पण आधी खर्च किती ते सांगा.

साहेब : उद्यम नोंदणीला खर्चच नाही. आधार नंबर द्यायचा, आपली माहिती आपणच भरायची, की प्रमाणपत्र हातात. एकदम फुकट.

मावशी : फुकट? मग ते खरं नसणार.

साहेब : अहो, सरकारी आहे!

मावशी : माझं हाय की खरं. नेटवाल्या पोरानं पंधराशे घेतले. रंगीत हाय, वर ल्यामिनेशन.

साहेब : (कपाळाला हात लावून) मावशी, ते हेच. फुकट मिळणारं.

मावशी : म्हणजे पंधराशे निव्वळ ल्यामिनेशनचे?

साहेब : जाऊ द्या, एक काम तरी झालंय. आता खाण्याचा माल म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी. तुमच्याएवढ्या धंद्याला वर्षाला 100 रुपये.

मावशी : हां, हे खरं वाटतंय. पैसे लागतात न्हवं?

साहेब : मग ओएनडीसी. सरकारच्या पुढाकारानं 2021च्या अखेरीस ही कंपनी निघाली. पण हे दुकान नाही बरं का. विकणाऱ्याचं ॲप वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, दोघांना जोडणारं हे जाळं.

मावशी : म्हणजे आठवडी बाजार. मैदान पंचायतीचं, पाल आपलं, गिऱ्हाईक देवाच्या मर्जीचं.

साहेब : (लिहून घेत) हे पुढच्या शिबिरात सांगतो. तर 2024 साली 'टीम' नावाची योजना आली. 5 लाख छोटे उद्योग या जाळ्यावर आणायचे, त्यातले निम्मे बायकांचे.

मावशी : आणि उरलेल्या निम्म्यांत माल कोण करणार?

साहेब : (घाईने) फॉर्म भरू या. रोजची उत्पादनक्षमता?

मावशी : ऊन पडलं तर पाच किलो.

साहेब : आणि नाही पडलं तर?

मावशी : तर घरादाराला चीकच खावा लागतो.

साहेब : इथं एकच आकडा बसतो. उन्हाचा रकाना नाही.

मावशी : मग कसला फॉर्म हा? चैत्र-वैशाखात पाच लिहा, मृग लागला की पुढं देवाचं नाव.

शिपाई : साहेब, 'हवामानाच्या अधीन राहून' लिहा. आपल्या टेंडरात लिहितात तसं.

साहेब : रकान्यात अक्षरं चालत नाहीत. पाच लिहितो. आता मालाचा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर.

(मावशी कोऱ्या कागदावर कुरडई ठेवते. साहेब मोबाइल पुढे-मागे करतात.)

साहेब : कुरडई कुठाय?

मावशी : तीच तर बघताय. तीन दिवस गहू भिजवून, पाणी बदलून बदलून इतकी पांढरी केली, ती काय तुम्हाला दिसू नये म्हणून?

शिपाई : ही लाल फाईल घ्या. (कुरडई फायलीवर ठेवतो.) बघा, कशी उठून दिसते!

साहेब : यंत्र घेत नाही. 'पार्श्वभूमी पांढरी असावी' म्हणतं. राहू दे, आधी पाकीट बघू. त्यावर नाव, पत्ता, वजन, महिना, वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि कमाल किंमत हवी.

मावशी : माझी तक्रार फोनशिवायच गल्लीभर होते. आणि किंमत एकच? जावेला वेगळी, उधारीवालीला वेगळी, डॉक्टरीणबाईला वेगळी.

साहेब : छापायची एकच. त्याहून कमी घेतली तर चालतं, जास्त नाही.

मावशी : मग डॉक्टरीणबाईची छापा. आणि जीएसटी?

साहेब : पापडाला नाही. गोल असो की चौकोनी. 2021 साली केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं तसा जाहीर खुलासाच केला.

मावशी : पापडाच्या आकारावर दिल्लीत चर्चा? आणि आमी समजत होतो, आमच्याकडं कुणाचं लक्षच न्हाई.

साहेब : चटणीला मात्र कर आहे. पण ऑक्टोबर 2023 पासून सवलत मिळाली. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असली आणि माल राज्यातच विकला, तर ऑनलाइन विकायलाही जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

मावशी : 40 लाखांची चटणी कुटली तर अख्खा जिल्हा शिंकत बसंल. बरं, चटणीचं माझं मोठं गिऱ्हाईक बेळगावात हाय.

साहेब : मग नोंदणी लागेल. परराज्य झालं ना.

मावशी : बेळगाव परराज्य?

(शिपाई लगबगीने दार लावून घेतो.)

शिपाई : साहेब, हे या तालुक्यात मोठ्यानं बोलू नका.

साहेब : (आवाज खाली आणून) जीएसटीपुरतं म्हणतोय मी.

मावशी : जीएसटीपुरतंसुद्धा म्हणू नका.

शिपाई : साहेब, बोहनीला मीच मागवतो एक पाकीट. काय होईल?

साहेब : काय होणार? मावशींच्या घरून पार्सल उचलतील, ते कोल्हापूरला जाईल, तिथून फिरून तुझ्याकडे येईल.

मावशी : हा इथं उभा हाय. हात लांब केला तरी पोचतंय.

साहेब : ते ऑनलाइन होत नाही, मावशी.

शिपाई : आणि पोचवायचे किती?

साहेब : पाकीट ऐंशीचं असेल तर... साठेक धर.

मावशी : पैशाचं सोडा. कोल्हापूरला जाऊन परत येईस्तोवर कुरडई शाबूत राहील? एसटीत शेजारचा जरा टेकला तरी तिचा भुगा होतो.

साहेब : भुगा झाला तर गिऱ्हाईक परत पाठवेल.

मावशी : आणि त्यावर योजना?

(साहेब पुस्तिका मागून पुढे चाळतात. मग पुढून मागे. शांतता.)

मावशी : नाव बदला.

साहेब : कुणाचं?

मावशी : मालाचं. लिहा, 'कुरडईचा चुरा, खास भाजीसाठी'. कांद्यावर परतला की झकास भाजी होते. आता आपटू दे पार्सल किती आपटायचं ते.

साहेब : (थक्क होऊन) आणि फोटो?

मावशी : (पाकिटावर मूठ मारत) कागदावर चटणी पसरा, चटणीवर हा चुरा. तुमच्या यंत्राला कागद पांढरा, गिऱ्हाइकाला कुरडई दिसली, आणि एका फोटोत दोन माल.

साहेब : वा! मग चुरा म्हणून किंमत थोडी कमी लावू?

मावशी : कमी? मोडायची मजुरी कोण देणार?