आंबटाची सोबत

साधं ग्रीक योगर्ट पहिल्यांदा तोंडात घेतलं की चाल ओळखीची आणि शब्द भलतेच, असं गाणं ऐकल्यासारखं होतं. डोळ्यांनी निवाडा आधीच दिलेला असतो: श्रीखंड. चमचा रोवला तर उभा राहील असा दाटपणा, आणि सणाच्या दुपारसारखी ती सुस्त, पांढरी चमक. त्याच भरवशावर जीभ पुढे सरकते आणि तिथे साखर नसते. सज्जन माणूस अशा वेळी काही बोलत नाही. दुसरा चमचा घेतो, जणू साखर खाली कुठे तरी दडून बसली असेल.

डबा घरात येतो तो बहुधा प्रथिनांच्या ओढीनं. शंभर ग्रॅममागे नऊ-दहा ग्रॅम, साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त. कारण पाणी गाळून टाकलं की उरलेल्या ऐवजाची घनता वाढते. हिशोब बिनचूक आहे. फक्त तो हिशोब खायचा कसा, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

ज्यांच्या नावानं ते विकलं जातं त्या ग्रीकांनी हा प्रश्न फार मनावर घेतलेला दिसत नाही. ते वरून मध ओततात, शक्यतो डोंगरउतारावरच्या रानओव्याच्या फुलांचा, आणि अक्रोड चुरून टाकतात. किंवा आंबट चेरीचा, द्राक्षांचा, कोवळ्या हिरव्या अक्रोडांचा पाकातला मुरंबा चमचाभर ठेवतात. हाच मुरंबा तिथे पाहुण्याला बशीतून थंड पाण्याच्या पेल्यासोबत देतात. मला यातली खरी गंमत वाटते ती पुढची. ते ढवळत नाहीत. मधाचं तळं तसंच वर राहतं. एक चमचा नुसता आंबट येतो, दुसरा नुसता गोड, तिसऱ्यात दोघांची गाठ पडते आणि चौथ्यात अक्रोडाचा जरासा कडवट तुकडा मधेच बोलून जातो. वाटी संपेपर्यंत पुढच्या घासाचा भरवसा नाही.

आपल्याला हे जमणं कठीण. आमच्या आजीला तर मुळीच जमलं नसतं. पाडव्याच्या आदल्या रात्री दह्याचं गाठोडं खुंटीला टांगलेलं असे, खाली पातेलं, आणि अंधारात थांबत थांबत टपकणारं ते पाणी. (ते फुकट जायचं नाही, सकाळी थालीपिठाच्या भाजणीत जिरायचं.) मग चक्क्याला जवळजवळ त्याच्याच वजनाची साखर चोळून सगळं पुरणयंत्रातून काढायचं. एवढीशी कणी राहिली तरी आजी पुन्हा फिरवायला लावी. आजोबांच्या वाटीतल्या आणि धुणीवालीच्या वाटीतल्या श्रीखंडात तसूभर फरक चालत नसे. पहिला घास आणि शेवटचा घास सख्खे जुळे. आंबटपणा तिला घालवायचा नव्हता. गोड दही म्हणजे पाणचट, असं ती म्हणे. त्याला एकटं सोडायचं नाही, एवढाच तिचा आग्रह होता. वेलची, केशर, चारोळी, जायफळ ही सगळी मंडळी त्या आंबटाच्या सोबतीला बोलावलेली.

जगात मात्र या आंबटाची सोबत कोण करील याचा नेम राहिलेला नाही. अमेरिकेत ग्रीक योगर्ट घरोघरी नेण्यात मोठा वाटा हमदी उलुकाया या तुर्कस्तानात वाढलेल्या कुर्द माणसाचा. २००५ साली त्यानं न्यूयॉर्क राज्यातला एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि पुढे तळाशी फळांचा थर घातलेले डबे खपवले. इंग्लंडमध्ये हे प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये अपिलातही कायम झालं की ग्रीसबाहेर बनलेल्याला तिथे ‘ग्रीक’ म्हणून विकायचं नाही. ‘ग्रीक धाटणीचं’ म्हणा. आणि हे असे वाद घालून झाल्यावर लंडन-न्यू जर्सीतली मराठी मंडळी पाडव्याला तोच डबा उघडतात, त्यात पिठीसाखर, केशर घालतात आणि खुंटी न शोधता अर्ध्या तासात श्रीखंड करतात. प्रथिनांचा हिशोब त्या दिवशी कोणी काढत नाही.

तिखटामिठाच्या वाटेनं गेलं तर ग्रीक आणि आपण फारच जवळचे निघतो. त्यांच्या त्झात्झिकीत काकडी किसतात, मीठ लावून घट्ट पिळतात, मग लसूण, ऑलिव्ह तेल आणि शेपू किंवा पुदिना. आपण काकडी चोचवतो आणि पाणी पिळून काढतो. काकडीवरचा हा अविश्वास दोन्हीकडे सारखाच प्राचीन असावा. पण डबा खरा खुलतो तो कोरड्या चटणीशी. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची, जवसाची. नाही तर मेतकूट आणि वर हिंग-जिऱ्याची, सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी. एरवी चटणीत दही कालवलं की सरबरीत होतं. हे गाळलेलं दही मात्र चटणीला धरून बसतं, भाकरीवरून ओघळत नाही. परगावी एकट्यानं राहणाऱ्या मुलाच्या फ्रिजमध्ये असा एक डबा आणि आईनं बांधून दिलेली चटणीची पुडी असली, तर त्या रात्रीच्या जेवणाची काळजी करू नये.

माझं मत विचाराल तर मध घातलात तर ढवळू नका, साखर घातलीत तर कणी विरेपर्यंत थांबू नका. जायफळ बेतानं किसा. जास्त झालं तर दुपारी डोळे मिटतात आणि नाव दह्याचं होतं. आणि काकडीशिवाय नुसतंच तिखट करणार असाल तर मीठ अगदी पानावर बसताना घाला. आधी घालून ठेवलं की वाटीत पाणी सुटतं.